भाटीचं तोंड कुणी बिघडवलं

हुलसूरच्या सरकारी मराठी शाळेत मी शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. घरात मी आणि सासूबाई दोघीच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. नवरा कलबुर्गीला नोकरीला. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहिल्या बसने परत. आणि एक मांजरी होती. आमच्या भागात मांजरीला भाटी म्हणतात, तेच तिचं नाव पडलं. शाळेच्या स्वयंपाकखोलीमागे जळणाच्या ढिगात ती मला सापडली. करडा रंग, शेपटीचं टोक पांढरं. पदरात गुंडाळून आणली तेव्हा तळहातावर मावत होती.

वर्षाची व्हायच्या आतच तिचं खाणं बिघडलं. भूक तिला लागायची, त्यात शंका नव्हती. दुधात कुस्करलेली भाकरी ताटलीत घातली की शेपटी उभारून पळत यायची, वास घ्यायची, एक घास तोंडात घ्यायची आणि एकदम फिस्कारून मागे उडी मारायची. ताटलीनेच चावा घेतल्यासारखी. मग दाराच्या चौकटीपाशी बसून त्या ताटलीवर नजर ठेवायची. पुढचा पाय तोंडावर घासायची. अंग चाटायचं तिने सोडून दिलं, त्यामुळे केस चिकट झाले. हनुवटीखाली लाळ लोंबायची आणि एके दिवशी त्या लाळेत मला लाल धागा दिसला.

"हिला कुणीतरी कायतरी घातलंय," आत्याबाई म्हणाल्या.

"कोण घालंल, आत्याबाई?"

आत्याबाईंनी हनुवटी फक्त मागच्या भिंतीकडे हलवली.

मागची भिंत खांद्याएवढी होती आणि भिंतीपलीकडे अक्का राहायची. अक्का म्हणजे माझ्याहून थोडी मोठी, उंच, जरा फाटक्या आवाजाची बाई. तिच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. आता थोडी शेती आणि नवऱ्याची मजुरी. तिने कोंबड्या पाळल्या होत्या. उन्हाळ्यात तिची काही पिल्लं नाहीशी झाली तेव्हा भिंतीवरून ती मला म्हणाली होती, "बाई, तुमची भाटी बांधून ठेवा." मी म्हटलं होतं, मांजर कुठं बांधतात का. एवढंच. भांडण नव्हतं. पण मोकळेपणाही नव्हता. आम्ही बौद्ध. तिच्या घरात ओसरीच्या पुढे मी कधी गेले नव्हते आणि आमच्या घरचा चहा तिने कधी घेतला नव्हता. विचारलं की "आत्ताच झालाय" म्हणायची. आत्याबाई म्हणायच्या, हिचा आत्ताच झालेला चहा किती वर्षं पुरतोय बघ.

मी शिकलेली बाई, असल्या संशयाला मी हसायला हवं होतं. पण आत्याबाईंनी हनुवटी हलवली आणि माझ्याही डोक्यात ते बसलं. शाळेतून आले की मी परसात फिरून बघायची. कुठे कणकेचा गोळा पडलाय का, उंदराच्या औषधाची पुडी दिसते का. भाटीचं तोंड हुंगून बघायची. वास तर भयंकर येत होता, सडक्या मांसासारखा. विषाला असा वास येतो का, हे मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नसलेलं सगळंच तेव्हा विषासारखं वाटत होतं.

मग भाटी नाहीशी झाली. सकाळी दिसली नाही, संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आत्याबाई म्हणाल्या, मरायला गेली असंल, मांजर घरात मरत नसतंय. मी गल्लीतून बाजारापर्यंत फिरले. अक्काच्या घराला कुलूप होतं. त्याच्या पुढच्या दिवशी मी भांडी घासत असताना भाटी भिंतीवरून उतरली आणि थेट ताटलीपाशी गेली. सगळं खाल्लं. फिस्कारली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तिला मांडीवर घेतलं तेव्हा तिच्या पुढच्या उजव्या पायावर, सांध्याच्या जरा खाली, एक बोडका तुकडा दिसला. रुपयाच्या नाण्याएवढा नाही, त्याहून लांबट, कडा सरळ. जखम नव्हती. कुणीतरी केस नीट, मुद्दाम काढले होते. आणि अंगाला दवाखान्यात येतो तसला स्पिरिटचा वास.

आत्याबाईंनी ते बघितलं आणि हात मागे घेतला.

"केस घेतलेत तिचे."

"कशाला?"

"केस कशाला घेतात ते तुला म्या सांगू व्हय?" त्या म्हणाल्या. करणीवर त्यांचा विश्वास नव्हता. पन्नास वेळा त्यांनीच मला सांगितलं होतं की आम्ही धम्म घेतला तेव्हा असली भुतं गावाबाहेर टाकली. पण त्या दिवशी त्यांनी भाटीला मांडीवर घेतलं नाही.

त्यानंतर काही आठवडे भाटी चांगली होती. भाकरी खायची, अंग चाटायची, आमच्या पायात घोटाळायची. पायावरचे केस हळूहळू वाढायला लागले. आम्ही त्या तुकड्याबद्दल बोलायचं सोडून दिलं. आणि मग पुन्हा तेच सुरू झालं, आधीपेक्षा वाईट. आता तिला पाणी पितानाही दुखायचं. पाण्याला जीभ लागली की मान झटकायची.

मी रजा टाकली, भाजीच्या टोपलीत जुनं लुगडं घालून भाटीला बसवलं, वरून दुसरी टोपली बांधली आणि भालकीवरून बीदर गाठलं. बसमधली माणसं विचारत होती, कोंबडी आहे का. मी हो म्हणत होते. मांजर म्हटलं तर कुणीतरी उतरवायला लावेल अशी मला भीती.

बीदरच्या जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कन्नडात विचारलं, मी कन्नडात सांगितलं. त्यांनी भाटीला टॉवेलात गुंडाळलं, अंगठ्याने ओठ वर केला आणि मला म्हणाल्या, "बघा." हिरड्या लालभडक, सुजलेल्या, दातांच्या कडेने रक्त. घशाकडे तर साल सोलल्यासारखं कच्चं मांस.

"हे कुणी मारलं म्हणून झालंय का? नाहीतर काही खायला घातलं म्हणून?"

"नाही. हा हिरड्यांचा जुना आजार आहे. हिचं शरीरच हिच्या दातांवर उलटलंय. दात परके समजून त्यांच्याशी भांडतंय. लहान मांजरांनाही होतं. दाढा काढल्या तर पुष्कळ मांजरांना बरं वाटतं. कधी कधी सगळेच दात काढावे लागतात."

सगळे दात. एवढ्याशा मांजरीचे. मी त्यांच्याकडे बघितलं. खोलीत दोन-तीन शिकाऊ डॉक्टर वाकून वाकून बघत होते आणि मला वाटलं, ह्यांना शिकायला एक तोंड पाहिजे असेल.

त्यांनी भाटीचा पाय हातात घेतला आणि त्या थांबल्या.

"हिला आधी कुठं दाखवलं होतं?"

"कुठेच नाही."

"मग हे केस कुणी काढलेत? वाढायला लागलेत, पण काढलेत यंत्रानंच. शिरेत सुई घालायची असली की आम्ही इथलेच केस काढतो." मग त्यांनी विचारलं, "मधे काही दिवस एकदम बरी झाली होती का?"

"झाली होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "बाई, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात म्हणून मी रागावणार नाही. पण लपवू नका. तिला बहुतेक सूज उतरवणारं जोरदार इंजेक्शन दिलंय, अंगात बरेच दिवस राहणारं. त्यावर मी माझं दुखण्याचं औषध दिलं तर पोटात रक्तस्राव होईल. कोणतं दिलं, कधी दिलं, ते कळल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

"मला खरंच माहीत नाही."

त्या हसल्या. मी शिक्षिका आहे. खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघून मी कशी हसते ते मला माहीत आहे. अगदी तसंच.

परतीच्या बसमध्ये टोपली मांडीवर घेऊन मी एकेकाचा विचार केला. नवऱ्याला फोन लावला. ते म्हणाले, "मी स्वतःच्या दाताला डॉक्टर बघत नाही, मांजराला कशाला नेऊ?" ते खरंच होतं. मग आत्याबाई. त्या भाटीला तोंडाने बोलायच्या, काठी आपटून चुलीपासून हाकलायच्या, पण एकट्या बसने कुठे जायच्या नाहीत. तरी घरी आल्यावर मी त्यांना विचारलंच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. उरली भिंत.

आणखी एक गोष्ट आता माझ्या लक्षात यायला लागली होती. भाटी आमच्याकडे जेमतेम दोन घास घ्यायची, पण हाडं दिसत नव्हती. म्हणजे ती कुठेतरी खात होती.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मी परसाकडच्या खिडकीत बसले. हातात वह्या तपासायला घेतल्या होत्या, डोळे भिंतीवर. ऊन भिंतीवर आलं तशी भाटी उठली, अंग ताणलं, वर चढली आणि पलीकडे उतरली. मी चप्पल घातली, गल्लीतून वळसा घालून अक्काच्या दारात गेले आणि हाक न मारता आत गेले. ओसरी ओलांडली हे मला आत गेल्यावर कळलं.

अक्का चुलीपाशी बसली होती. समोर वाटीत शिजवून अगदी गंधासारखी वाटलेली कलेजी. ती बोटावर घेऊन भाटीच्या तोंडापाशी धरत होती आणि भाटी डोळे मिटून चाटत होती.

"अक्का, ही इथं काय करायलीय?"

ती दचकली नाही. भाटीला तिने मांडीवर ओढून घेतलं.

"खायलीय. तुमच्याकडं मिळंना, म्हनून इथं खायलीय."

"हिच्या पायाचे केस तुमी काढलाव?"

"म्या न्हाई. डॉक्टरनं काढले. उदगीरच्या." तिने वाटी बाजूला सारली. "आता तुमी सांगा बाई. हिच्या तोंडावर कोन मारतंय?"

मला क्षणभर कळलंच नाही ती काय विचारते आहे.

"कोण मारतंय म्हणजे?"

"तोंडातनं रगत येतंय लेकराच्या. तुमच्या सासूच्या हातात काठी मी रोज बघते. काठी आपटल्याचा आवाज मला इथवर येतोय. जनावर मुकं हाय म्हनून काय त्याला दात पडस्तवर मारावं?"

"आत्याबाईंनी तिला कधी हातसुद्धा लावला नाही. त्या जमिनीवर आपटतात."

"मारनारं कवा म्हनतंय का, मी मारलं म्हनून?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. उभं राहून बोलण्यासारखं ते नव्हतं. मग तिने सांगितलं. उदगीरला तिची लेक दिलेली. तिकडे जायचं होतं, त्या सकाळी भाटी भिंतीवर लाळ गाळत बसलेली दिसली. तिने सरळ पिशवीत घातली, तोंड तेवढं बाहेर ठेवलं आणि नेली. लेकीच्या ओळखीचा जनावरांचा डॉक्टर होता. त्याने सलाईन लावलं, सुई दिली आणि मार लागलाय का विचारलं. अक्काने हो म्हणून सांगितलं.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? तुमी म्हनला असताव, अक्कानंच कायतर घातलं."

तिचं खरं होतं. आत्याबाई आणि मी घरात तेच तर बोलत आलो होतो.

मी तिला बीदरच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. शरीर दातांवर उलटतं, हे तिला पटलं नाही. ती मान हलवत राहिली. पण सुईचं नाव कळलं नाही तर भाटी जाईल म्हटल्यावर तिने कमरेचा मोबाइल काढला आणि लेकीला फोन लावून माझ्या हातात दिला. लेकीने डॉक्टरला विचारून थोड्या वेळाने नाव कळवलं. बीदरच्या बाईंचा अंदाज बरोबर होता. त्या फोनवर म्हणाल्या, "सापडलं का शेवटी." मी कुठून सापडलं ते सांगायला लागले तर म्हणाल्या, असू दे. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी आधी लपवलं होतं. त्या सुईचा असर पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं, तोपर्यंत मऊ, कोमट खाणं आणि तोंडात दोन वेळा पातळ औषध, असं ठरलं.

औषध देणं एकटीचं काम नव्हतं. भाटीला आता माझा हात, टॉवेल, औषधाची पिचकारी, सगळ्यांचा वहीम यायचा. पिचकारी पाठीमागे लपवली तरी ती माझ्या खांद्याची हालचाल ओळखून पळायची. आत्याबाईंचे हात थरथरायचे. अक्काने मेंढरांना औषधं पाजलेली, तिची पकड पक्की होती. पण आमच्या घरात ती यायची नाही आणि भाटीला तिच्या घरी पाठवायला आत्याबाई तयार नव्हत्या. "तिथं ती दुसरंच कायतर पाजंल," त्यांचं म्हणणं. शेवटी आम्ही ते भिंतीवर करायला लागलो. भाटीला टॉवेलात गुंडाळून भिंतीवर ठेवायची, अक्का तिच्या बाजूने धरायची, मी माझ्या बाजूने ओठ उचलून औषध सोडायची. आत्याबाई खाटेवर बसून बघायच्या. औषधाची बाटली अक्काने हातात घेऊन उन्हात धरून बघितली.

"ह्यात पानी मिसळलंय का, बाई?"

"मी कशाला मिसळू?"

"पातळ दिसायलंय म्हनून इचारलं."

तिला वाटायचं, आम्ही पिचकारीत औषध कमी भरतो. आत्याबाईंना वाटायचं, औषधानंतर ती भिंतीवर कलेजीची वाटी ठेवते त्यात तिखट घालते; एकदा त्यांनी मला ती वाटी चाखून बघायला सांगितलं. मी चाखली. तिखट नव्हतं. मीठही नव्हतं. "आज नसंल," आत्याबाई म्हणाल्या.

दात काढायच्या दिवशी अक्का सोबत येते म्हणाली. तशी गरज नव्हती. तिला भाटीची काळजी होती, पण मला एकटीला पाठवायची तयारी नव्हती हेही मला दिसत होतं. बसमध्ये आम्ही टोपली दोघींच्या मधे ठेवली. दवाखान्यात तिने डॉक्टरीणबाईंना कन्नडात विचारलं, "दात काढल्यावर मांजर काय कामाचं? उंदीर कशानं धरंल?"

"आत्ता धरते का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई."

"आत्ता खाते का?"

अक्काने टोपली बाईंकडे सरकवली. भाटीला भूल देऊन आत नेलं तेव्हा आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. अक्काने विचारलं, ही बाई शिकून पास झालेली आहे का. मी म्हटलं, असेल. "असंल म्हंजे?" ती म्हणाली आणि उठून दाराच्या फटीतून आत बघायला गेली. एका शिकाऊ पोरीने दार लावून घेतलं.

दुपार टळल्यावर बाईंनी आम्हाला बोलावलं. भाटी झोपेत, जीभ बाहेर, हनुवटी ओली. पुढचे सुळे ठेवले होते. मागच्या सगळ्या दाढा स्टीलच्या ट्रेमध्ये होत्या, लांब मुळांसकट, काही पिवळ्या, काहींना रक्त. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या. अक्का वाकून कितीतरी वेळ बघत राहिली.

"सगळे हिचेच का?"

डॉक्टरीणबाईंनी थकल्यासारखे हातमोजे काढले. "आज दुसरं मांजर आलंच नाही, अक्का."

येताना भाटी टोपलीत कण्हत होती. अक्काने टोपलीवर हात ठेवला तो हुलसूर येईपर्यंत काढला नाही.

बरं व्हायला वेळ लागला. तोंडातले टाके विरघळले, सूज उतरली, वास गेला. पण भाटीचा ताटलीवरचा राग गेला नाही. दुखत नसतानाही ती ताटलीपाशी आली की कान मागे घ्यायची. मी ताटली बदलली, वाटी आणली, पळसाचं पान ठेवलं. शेवटी मी हातावर खायला घातलं. तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे, मग पुन्हा तोंडाकडे. आणि खाल्लं. पूर्ण बरी ती झाली नाही. घशाच्या एका बाजूला लाली राहिली आणि थंडीत ती वाढते. तेव्हा थोडं औषध द्यावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी ते आधीच सांगितलं होतं, पण आत्याबाई म्हणाल्या, बघ, एखादा दात आत राहिला असंल.

मागच्या उन्हाळ्यात माझी कलबुर्गीला बदली झाली. नवऱ्याजवळ राहायचं म्हणून मीच मागितली होती. तिथलं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली मोठा रस्ता. भाटीचं काय करायचं यावर आम्ही दोघी बोलत नव्हतो आणि भिंतीपलीकडून अक्काही विचारत नव्हती. सामान बांधायच्या आदल्या दिवशी आत्याबाई स्वतः भिंतीपाशी गेल्या.

"भाटी इथं राहील," त्या म्हणाल्या. "तिला दुसऱ्या मजल्यावर करमायचं न्हाई."

"राहू द्या की," अक्का म्हणाली.

"थंडीत औषध लागतंय."

"मला म्हाईत न्हाई व्हय?"

"म्हाईत असून काय. द्यायला पायजे."

अक्का पदर खोचून आत गेली. आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंस? हो म्हनली न्हाई ती."

आता दर रविवारी मी अक्काला व्हिडिओ कॉल लावते. तिला फोन नीट धरता येत नाही, बराच वेळ छपराचे पत्रे दिसतात. मग भाटी दिसते. अंगाने भरली आहे. मी खुशाली विचारत असते आणि आत्याबाई शेजारून डोकं घालतात.

"खायलीय का?"

"खायलीय की."

"दाखव."

"सकाळीच खाल्लं तिनं."

"मग आता परत घाल. म्या बघते."

अक्का पुटपुटते, फोन कशाला तरी टेकवून ठेवते आणि बोटावर काहीतरी घेऊन येते. भाटी खाते. आत्याबाई चष्मा वर करून बघतात आणि मला म्हणतात, "तोंड उघडून दाखवाय सांग तिला. लाली हाय का बघू."